कागद पालथा घालून

“शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आहे,” बार्शीकडून आलेला मुलगा म्हणतो आणि बाटलीतलं घोटभर पाणी पितो. समोर मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावलेला. तो सावकार सांगतो, पीकविमा सांगतो, पडलेले भाव, टँकर, तलाठ्याचे हेलपाटे. सांगतो मनापासून, आवाज एकदा दाटूनही येतो. टायमर वाजतो. टेबलामागच्या तीन खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीवर बाई बसल्या आहेत. त्या विचारतात, “सकाळी कोण उठतंय?”

“म्हणजे?”

“सिनेमा सुरू झाला. पडद्यावर झुंजूमुंजू झालंय. गोधडीतनं बाहेर कोण येतंय?”

मुलगा हातातल्या कागदाकडे बघतो. कागदावर कुणीच उठत नाहीये.

पुण्यातल्या एका जुन्या वाचनालयाचा पहिला मजला. रविवार सकाळ. फिल्म इन्स्टिट्यूट इथून रिक्षाने दहा मिनिटांवर, पण जमलेल्यांपैकी तिथे शिकलेला कुणी नाही. कुणी बँकेत आहे, कुणी कंपनीत, कुणी अजून कॉलेजात, एक-दोघे निवृत्त. प्रत्येकाकडे सिनेमाची गोष्ट आहे आणि ती पाच मिनिटांत सांगायची आहे. मग टेबलामागचे तिघे बोलणार. बाई चाळीसेक वर्षं नाटकं, मालिका, सिनेमे लिहीत आल्या आहेत. त्यांच्या डावीकडे एक तरुण दिग्दर्शक, ओटीटीवर एक मालिका करून आलेला. उजवीकडे मी. मी सिनेमा करत नाही, सिनेमावर लिहितो, त्यामुळे माझी खुर्ची जरा टेबलाच्या कोपऱ्यात सरकलेली आहे आणि तिथून मला सगळ्यांचे चेहरे नीट दिसतात.

“हा विषय झाला,” बाई मुलाला म्हणतात. “गोष्ट कुठाय?” मग त्या ‘गाभ्रीचा पाऊस’ सांगतात, सतीश मनवरांचा, 2009चा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. आपल्या नवऱ्याच्याही मनात तेच नसेल ना, या धास्तीनं बायको त्याच्यावर डोळा ठेवायला लागते आणि पोरालाही बापाच्या मागावर सोडते. “बघ, कर्ज आलं, पाऊस आला, कापूस आला, सगळं आलं. पण आपण बघतोय काय? एक पोरगं बापाच्या मागं मागं फिरतंय.”

मुलाचं तोंड जरा उतरतं. पण तो वहीत लिहून घेतो. मला तो आवडतो, कारण तो वाद घालत नाही आणि मान्यही करत नाही.

विषय आणि गोष्ट यांच्यातली ही दरी सकाळभर पुन्हा पुन्हा समोर येते. रितेश बत्रा मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करायला निघाले होते. डबेवाले हा विषय. त्यांच्यासोबत फिरता फिरता हाती लागलं ते निराळंच: एका बाईनं नवऱ्यासाठी भरलेला डबा भलत्याच माणसाच्या टेबलावर जातो. ही गोष्ट. ‘द लंचबॉक्स’ 2013 साली आला तेव्हा डबेवाल्यांच्या व्यवस्थेचं कौतुक ऐकायला कुणी थेटरात गेलं नव्हतं. मी हे सांगतो. दिग्दर्शक मान डोलावतो. बाई म्हणतात, “पुढचा.”

पुढचा कॉलेजातला आहे, केस कपाळावर आलेले, आणि तो शेवट सांगायला तयार नाही. एक माणूस, एक जुना वाडा, रोज रात्री वाजणारी बेल. “आणि क्लायमॅक्सला असा ट्विस्ट आहे की तुम्ही खुर्चीतनं उडाल.”

“उडवा,” बाई म्हणतात.

“नाही मॅडम, ते सरप्राइज आहे.”

“प्रेक्षकाला सरप्राइज. माझ्याकडनं मदत हवी तर मला सगळं माहीत पाहिजे.”

तो आवंढा गिळतो. “तो माणूस आधीच मेलेला असतो.”

मागून कुणीतरी खुसकन हसतं. बाई हसत नाहीत. त्या विचारतात की तो मेलेला आहे हे त्याच्या बायकोला कधीपासून माहीत आहे. मुलाच्या गोष्टीत बायको नाहीच. “घाल एक,” त्या म्हणतात, आणि लगेच स्वतःलाच थोपवतात, “नको, तुला वाटलं तर घाल. पण शेवट आधी सांगायचा आणि मग बघायचं की गोष्ट उरते का. शेवट कळल्यावर उरत नसेल तर ते कोडं आहे.”

नंतर एक गृहस्थ उभे राहतात. हातात प्लास्टिकचं फोल्डर. आधी सगळ्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही करावी, मगच कल्पना सांगू, असं त्यांचं म्हणणं. दिग्दर्शकाचा चेहरा कसनुसा होतो. हा माझ्या कोपऱ्यातला विषय असल्यामुळे बोलायची पाळी माझी. नाटककार आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ (1956) हा सिनेमा आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून उचलला म्हणून दावा लावला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 1978 साली निकाल लागला आणि आनंद हरले. नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती कल्पना ज्या रीतीनं मांडली त्या मांडणीवर, असं न्यायालयानं म्हटलं. तेव्हा लिहा, सविस्तर लिहा, अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन नोंदवा. सह्या गोळा करत बसू नका.

गृहस्थ फोल्डर उघडत नाहीत. जेवणाआधी निघूनही जातात. त्यांची गोष्ट काय होती कोण जाणे.

ऐतिहासिक दोन येतात. दोन्हींत घोडे, दोन्हींत गनिमी कावा, दोन्ही सांगणाऱ्यांच्या आवाजाला एकच चढ. 2018च्या ‘फर्जंद’पासून या वाटेवर पायवाट राहिलेली नाही, हमरस्ता झालाय. दिग्दर्शक बजेट विचारतो. दोघांनाही ते माहीत नाही. पुढे.

बाईंच्या पुढ्यात आलेला एक कागद मी मान वळवून वाचतो. वर ठळक अक्षरांत ‘कथासूत्र’. खाली सात-आठ ओळी. बाईंनी पेन्सिलीनं गोल केलेले शब्द: हळुवार, अंतर्मुख करणारा, जगण्याचा शोध, वेगळ्या वळणाचा, मनाला भिडणारा. प्रत्येक भूतकाळी क्रियापदाखाली बारीक रेघ, कारण सिनेमाचा सारांश वर्तमानकाळात लिहितात. पडद्यावर काहीही ‘गेला होता’ नसतं, जे असतं ते समोर चालू असतं. समासात काहीच शेरा नाही. छान नाही, वाईट नाही. कागद पालथा केला की मागच्या कोऱ्या बाजूला तीन प्रश्न. प्रश्नचिन्हं मोठी, जवळजवळ रागानं काढलेली.

हा कागद ज्या मुलीचा आहे ती आता उभी आहे. तिशीतली, बँकेत नोकरी, खांद्याला लॅपटॉपची बॅग अजून तशीच. ती वाचते. एका स्त्रीच्या आत्मशोधाचा प्रवास. घर, नोकरी, नाती यांच्या कात्रीत सापडलेली ती. शेवटी तिला स्वतःचा सूर गवसतो.

“तो कागद ठेव पालथा,” बाई म्हणतात. “बँकेत काय करतेस?”

“गोल्ड लोन बघते.”

“म्हणजे दिवसभर काय करतेस?”

मुलीला वाटतं वेळ चाललाय. पण विचारलंय म्हणून सांगते. सोनं येतं. सराफ कसाच्या दगडावर घासून बघतो, वजन होतं, पाकिटात घालून सील, त्यावर नंबर, तिजोरीत. मुदत टळली की नोटिसा. तरीही सोडवायला कुणी आलं नाही की लिलाव. लिलावाआधी पाकीट फोडून पुन्हा वजन करतात.

“तेव्हा काय वाटतं?”

“काही नाही. मी नाव वाचत नाही, नंबर वाचते.”

“का गं?”

“एकदा वाचलं होतं.”

खोलीतली कुजबुज थांबते. दिग्दर्शकानं मोबाइल खाली ठेवलाय.

“कुणाचं होतं?”

“सासूबाईंचं. मी नुकतीच त्या शाखेत बदलून आले होते. लिलावाच्या यादीत नाव. घरी सगळ्यांना वाटतं दागिने लॉकरात आहेत.”

“मग?”

“मग काय, मी पैसे भरले. कर्ज फिटलं, लिलाव टळला.” ती थोडं थांबते. “पण ते पिचमध्ये नाहीये, मॅडम.”

“तेच विचारतेय मी, पिचमध्ये का नाहीये?”

ती हसते, पहिल्यांदाच. पुढचं सांगते ते हात हलवत, कागदाशिवाय. पाकीट अजून तिजोरीत आहे. सोडवून न्यायला कर्जदाराची सही लागते. सासूबाईंना वाटतं सोनं गेलं लिलावात. सून गप्प आहे, कारण बोलली तर सासूची लाज जाईल. सासू गप्प आहे, कारण बोलली तर घर पेटेल. दर दसऱ्याला सासू लॉकर न उघडण्याचं नवं कारण काढते आणि सून त्या कारणाला दुजोरा देते.

“कर्ज फिटल्याचा मेसेज येतो ना फोनवर?” दिग्दर्शक विचारतो. प्रश्न रास्त आहे.

“त्या मेसेज वाचत नाहीत. शुभ सकाळ तेवढं वाचतात.”

सगळे हसतात. बाई मात्र पुढे वाकून बसल्या आहेत. “सासूनं पैसे कशाला घेतले होते?”

मुलगी गप्प होते. तिला ठाऊक नाही. तिनं कधी विचारलेलं नाही.

“नको विचारूस,” बाई म्हणतात. “घरी विचारू नकोस. नावं बदल, गाव बदल, आणि ते तू ठरव. तुझा सिनेमा तिथं आहे.”

चहाच्या सुट्टीत मी बाईंना विचारतो की तुम्हाला कसं कळलं, बँकेचंच विचारावं. त्या वाटीत बिस्कीट बुडवता बुडवता म्हणतात की कळलं वगैरे काही नाही, आत्मशोधावर काय विचारणार? मी बघितलेल्या अनेक टेबलांवर याच्या उलट चालतं. अभिप्राय देणारा आपल्याकडची विशेषणं देतो: इंटरेस्टिंग आहे, पण फ्रेश वाटत नाही, इमोशन कमी पडतं, सेकंड हाफ ढासळतो. समोरचा घरी जाऊन ती विशेषणं कथेत कोंबतो. दुसरी जात आणखी वाईट. ती गोष्ट ऐकते आणि तिच्या जागी स्वतःची गोष्ट सांगते, इतक्या उत्साहानं की समोरचा भारावून जातो. तिसऱ्या दिवशी तो लिहायला बसतो तेव्हा सिनेमा त्याचा राहिलेला नसतो.

ही दुसरी जात सुट्टीनंतर प्रत्यक्ष कामाला लागते.

उभे राहिलेत एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सातारा जिल्ह्यातले. पांढरा सदरा, खिशाला पेन, कागद नाहीच. “बाई, मुक्कामी गाडी असती बघा,” ते सुरू करतात. “संध्याकाळी शेवटच्या गावाला जाती, रात्री तिथंच. डायवर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपत्यात. पहाटं साडेपाचला माघारी.” गोष्ट नव्वदच्या दशकातली, यंत्रं यायच्या आधीची, तिकिटांचा ट्रे आणि पंच होते तेव्हाची. रात्री दोनच्या सुमाराला एक पोरगी अंधारात गाडीत येऊन मागच्या सीटखाली शिरते. सकाळी तिचं लग्न आहे. कंडक्टर जागा आहे. त्याला ती दिसते. निवृत्तीला तीन महिने राहिलेत. पहाटे गाडी सुटायच्या वेळी पोरीचा बाप आणि चुलते धावत येतात आणि तिला शोधायला तालुक्याला निघतात. त्याच गाडीनं.

टायमर वाजलेला नाही. उजव्या हाताचं बोट आणि अंगठा ते मधूनच एकमेकांवर दाबतात, हवेतलं तिकीट पंच करावं तसं. त्यांना ते कळतही नसावं.

“सर, जबरदस्त!” दिग्दर्शक उठून उभाच राहतो. “बघा, ओपनिंगला ड्रोन. घाट, धुकं, लाल गाडी मुंगीएवढी. आणि ती मुलगी आहे ना, ती नुसती पळून आलेली नको. तिनं काहीतरी बघितलंय. मर्डर. बाप सरपंच. तालुक्याला एक लेडी इन्स्पेक्टर...”

कंडक्टर आदबीनं ऐकतात. मान हलवतात. त्यांच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसतं की गाडी त्यांच्या हातून सुटत चालली आहे. दिग्दर्शकात खोट नाही. त्याला गोष्ट आवडली आहे आणि आवडलेली गोष्ट हातात घ्यायचा त्याला मोह झालाय, एवढंच. पण आतापर्यंत त्याच्या सिनेमात खून झालाय, इन्स्पेक्टर आलीय, आणि कंडक्टर राहिलाय तिकिटं फाडायला.

“बस जरा,” बाई त्याला म्हणतात. मुलाला म्हणावं तसं. तो बसतो, ओशाळून हसतो. बाई कंडक्टरकडे वळतात. “कंडक्टर काय करतो?”

“काय करणार? गप बसतो. पोरीची दया येती त्याला.”

“दया तर मलाही आली. तो करतो काय?”

ते विचारात पडतात. गोष्ट त्यांनी इतक्या वेळा गावाच्या पारावर सांगितली असेल की हा प्रश्न कधी आलाच नसेल. पारावर सांगणारा आणि कंडक्टर एकच असतो. तिथे त्यानं काही करायची गरज नसते, त्यानं पाहिलं एवढं पुरतं. सिनेमात नाही पुरत.

“तिचं तिकीट फाडलं का त्यानं?” बाई विचारतात.

“तिच्याकडं पैसे कुठनं असणार?”

“मग विनातिकीट. आणि वाटेत चेकिंग आलं?”

कंडक्टर ताठ बसतात. आता ते गोष्ट सांगत नाहीत, ड्युटी सांगतात. “तर केस होती माझ्यावर. सीटखाली माणूस सापडला, तिकीट न्हाई, म्हणजे कंडक्टरनं पैसे खाल्ले. शेवटच्या तीन महिन्यांत. सगळी नोकरी मातीत.”

“स्वतःच्या खिशातनं फाडेल की.”

“फाडंल. पण तसं बी अवघड हाय.” ते पुढे सरसावतात. ड्युटीवर जाताना कंडक्टरला खिशातली स्वतःची रोकड लिहून द्यावी लागते, नाहीतर जास्तीचा पैसा एसटीचा धरतात. त्यातनं तिकीट घेतलं तर चालतं. पण मग वेबिलावर तिकीट चढतं, आणि गाडीत डोकी मोजली तर एक कमी. “चेकर विचारणार, हे तिकीट कुणाचं? माणूस कुठंय?”

“आणि बाप ऐकतोय.”

“आणि बाप ऐकतोय,” ते म्हणतात, आणि स्वतःच चमकतात.

दिग्दर्शकानं वही काढलीय. या वेळी तो बोलत नाही, लिहितो. मी त्याच्या वहीत डोकावतो. मर्डर खोडलेलं आहे. ड्रोन अजून आहे.

दाराशी पेटी आणि तबल्याच्या पिशव्या घेऊन मुलं उभी. खोली त्यांच्या क्लासची आहे, वेळ झालीय. संयोजक घड्याळ दाखवतात. खुर्च्या सरकायला लागतात, बार्शीचा मुलगा सतरंजीची टोकं धरायला मदत करतो आणि तेवढ्यात मला विचारतो की बापाच्या ऐवजी बैलाच्या मागं फिरणारं पोरगं चालेल का. मी म्हणतो, का फिरतंय ते सांग. “बाजाराच्या दिवशी,” तो म्हणतो आणि सतरंजी गुंडाळायला जातो.

बाईंनी आपली झोळी खांद्याला अडकवलीय, पण त्या उठलेल्या नाहीत. कंडक्टर सांगताहेत की चेकिंगवाले सहसा कुठल्या फाट्यावर चढायचे, जीप आडोशाला कशी लावायचे, समोरून येणारा डायवर हेडलाइट मारून कसा इशारा द्यायचा. म्हणजे आपल्या कंडक्टरला फाट्याच्या आधी दोन-तीन मिनिटं मिळतात. बाईंना ही दोन-तीन मिनिटं भलतीच आवडतात.

“आत्ता लिहायला बसू नका,” त्या म्हणतात. “आधी मला सांगा, समोरनं हेडलाइट लागतो तेव्हा पोरीचा बाप कुठल्या सीटवर बसलाय?”

कंडक्टरना विचार करावा लागत नाही.

“माझ्या शेजारी. कंडक्टरच्या सीटवर. वळखीचा माणूस, रडत व्हता, मीच बोलावून बसवलाय की.”